नऊ आज्यांचं एकच आयुष्य

"नाव गुप्त ठेवणार, म्हणजे काहीतरी काळंबेरं आहे!" रिम्मा बोरिसोव्हनांनी संमतीपत्र उजेडात धरून उलटसुलट पाहिलं.

"अगं आजी, आमच्या बाईंच्या संशोधनाचा नियम आहे तो," दीना रडकुंडीला आली. न्यूयॉर्कच्या ब्रायटन बीच या रशियन वस्तीतच जन्मलेली ही नात कॉलेजात रशियन शिकत होती; घरात भाषा ऐकून वाढलेल्या, पण धड लिहिता न येणाऱ्या मुलांच्या वर्गात. आजीचं तासभर बोलणं रेकॉर्ड करून नेलं नाही, तर ती नापास होणार होती.

"आणि नावाऐवजी नंबर! माणसांना नंबर कोण देतं, चांगलं ठाऊक आहे मला."

तरी नातीसाठी त्यांनी तोडगा काढला. बिल्डिंगखालच्या बाकावर बसणाऱ्या शेजारणीकडून, फीराकडून, त्या एक निर्धोक आयुष्य मागून घेऊन आल्या. जन्म रशियातल्या सारातोव शहरातला, नोकरी बटणांच्या कारखान्यात, नवरा अबोल, तक्रार कसलीच नाही. ते त्यांनी इतकं रंगवून सांगितलं की शेवटी त्यांचेच डोळे पाणावले.

चौथ्या दिवशी दीनाच्या शिक्षिका, पोलीना मार्कोव्हना, रेकॉर्डर घेऊन घरी थडकल्या.

"वर्गातल्या नऊ आज्या सारातोवच्या, नऊही बटणांच्या कारखान्यात! मुलांनी एकमेकांचं ढापलंय. दीनाला शून्य देतेय मी."

दीनाचा चेहरा उतरला. रिम्मा बोरिसोव्हनांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या फीरा मेलीने एकच आयुष्य अख्ख्या बिल्डिंगभर वाटलं होतं!

"पोरीचा दोष नाही हो. खोटं मी बोलले," त्या म्हणाल्या. "आता खरं सांगते. पण आधी तुम्ही बोला. कुठल्या तुम्ही? वडील काय करायचे? देश का सोडलात?"

पोलीनाबाईंनी रेकॉर्डर बंद केला, टॉवेलात गुंडाळून बाथरूममध्ये ठेवला, बोलणं कुणाला चोरून ऐकता येऊ नये म्हणून स्वयंपाकघरातला नळ पूर्ण सोडला आणि खुर्ची पुढे ओढून कुजबुजत बोलायला लागल्या.

रिम्मा बोरिसोव्हनांचा जीव भांड्यात पडला. "दीना, चहा टाक! चेरीचा मुरंबा काढ. बाई आपल्यातल्याच आहेत."

तीन तास दोघी बोलत होत्या, मध्येच हसत, मध्येच डोळे पुसत. आजीला एक भाऊ होता आणि एका पहाटे गुप्त पोलिसांनी त्याला घरातून उचलून नेलं, हे दीनाला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

दीनाला पैकीच्या पैकी गुण मिळाले. संशोधनाच्या फायलीत पोलीनाबाईंनी त्या भेटीबद्दल एकच ओळ लिहिली: 'सदर आजी बोलण्यास तयार झाल्या नाहीत.'