शेवाळपाडा पुलाचं अनवधानाने झालेलं लोकार्पण

शेवाळपाड्याच्या गोमाजी नाखवांनी एका रविवारी सहकुटुंब पूल बघायला जायचं ठरवलं. यात बेकायदेशीर असं काही नव्हतं. डोंबिवलीतली माणसं रविवारी मॉल बघायला जातात, आणि तिथेही बहुतेकजण नुसतं बघूनच येतात. पाड्याजवळ मॉल नव्हता. बांधकाम चालू असलेला पूल होता, आणि तो गेली नऊ वर्षं केवळ बघण्यासाठीच उपलब्ध होता.

गोमाजींना या पुलात इतरांपेक्षा जरा जास्त रस होता. खाडीच्या अलीकडे पाडा, पलीकडे ठाकुर्लीकडे जाणारा रस्ता आणि मधल्या पाण्यात गोमाजींची होडी, अशी तिथली व्यवस्था होती. होडीच्या परवान्यावर लिहिलेलं होतं : ‘पूल वाहतुकीस खुला होईपर्यंत वैध.’ म्हणून दोन-चार महिन्यांनी ते काठावर जाऊन खांब मोजत आणि होडीचं उरलेलं आयुष्य अजमावत. पुलाला त्यांचा विरोध नव्हता. पुलाच्या मागणी-अर्जावर पहिला अंगठा त्यांच्याच वडिलांचा होता. आधी पूल व्हावा आणि मग होडी बंद व्हावी, एवढाच क्रम त्यांना अपेक्षित होता. हीसुद्धा मागणी जास्त तर होत नाही ना, अशी शंका त्यांना अधूनमधून येई.

त्यांच्या बायकोचं, जनाबाईंचं, सगळं त्या होडीवर अवलंबून होतं. सकाळी सातच्या आत म्हावऱ्याची पाटी घेऊन ठाकुर्लीच्या बाजारात टेकलं, तर तीस वर्षांची जागा आपली. सात वाजून गेले की जागा दुसरीची.

तर रविवारी तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकट बांधून घेऊन चौघं निघाले : गोमाजी, जनाबाई, मुलगा दिपेश आणि दहावी पास झालेली नात दक्षता. पुलाच्या तोंडाशी लाल-पांढरी पट्टी आडवी बांधलेली होती. बाकीचे वाकून पलीकडे गेले. जनाबाईंचा गुडघा वाकेना. गोमाजींनी कमरेचा कोयता काढून पट्टी कापली. लोखंडी शिडीवरून जनाबाई हाश्शहुश्श करत वर पोचल्या, तेव्हा जेवायला बसलेल्या मजुरांनी कौतुकाने टाळ्या वाजवल्या. वर गेल्यावर जनाबाईंनी पदराआडून नारळ काढला. खाडीवर नवीन काही उभं राहिलं की खाडीला नारळ द्यायचा, हे त्यांच्या सासूने घालून दिलेलं होतं. तो त्यांनी कठड्यावर फोडला, एक वाटी खाडीत सोडली, दुसरी मजुरांत वाटली. दक्षताच्या निकालाचे पेढे होते, तेही वाटले. दिपेशने फोटो काढून पाड्याच्या ग्रुपवर टाकला. मग सगळे पुढे चालत गेले आणि जिथे पूल संपला तिथे थांबले. तिथून पलीकडच्या तुकड्यापर्यंत चाळीस मीटर नुसती हवा होती. गोमाजींना समाधान वाटलं. अजून दोन वर्षं तरी होडी चालेल, असा त्यांनी हिशेब केला.

मंगळवारी सेतू व जलपार विभागाचे कनिष्ठ अभियंता केदार साहेब घरी आले. चेहरा उतरलेला, हातात तो फोटो.

“आजोबा, तुम्ही हे काय करून बसलात?”

“पूल बघायला गेलेलो.”

“बघायला नाही. तुम्ही लोकार्पण केलंत.”

साहेबांनी परिपत्रक वाचून दाखवलं. पूर्वी एका गटाराचं तीन पुढाऱ्यांनी तीन वेळा लोकार्पण केलं होतं. त्यातलं खरं कुठलं, हे ठरवण्यासाठी विभागाने व्याख्या केली होती : फीत कापली गेली, श्रीफळ वाढवलं गेलं, मिठाई वाटली गेली, उपस्थितांनी टाळ्या वाजवल्या आणि छायाचित्र प्रसिद्ध झालं, की लोकार्पण झालं असं समजावं. पूल असावा, अशी अट व्याख्येत नव्हती. व्याख्या करणाऱ्यांना ते गृहीत धरावंसं वाटलं असावं.

जनाबाई आतून म्हणाल्या, “अरे पण मदी भोक हाय ना मोठा.”

“ते मला दिसतं, आजी. फाईलला दिसत नाही.”

लोकार्पण रद्द करावं म्हणून गोमाजी ठाण्याच्या कार्यालयात गेले. टेंभी नाक्यावर उतरून, तीन जणांना विचारून कार्यालय सापडलं. मोठ्या साहेबांनी त्यांना बसायला खुर्ची दिली आणि अडचण शांतपणे समजावून सांगितली. लोकार्पण करण्याची तरतूद होती, झालेलं मागे घेण्याची नव्हती. ते बेकायदा म्हणावं, तर एक म्हातारी कामाच्या जागी चढलीच कशी, हा प्रश्न येत होता. कारण तिथे कागदोपत्री तीन रखवालदार अहोरात्र उभे होते. तीन रखवालदार खोटे ठरवण्यापेक्षा एक पूल खरा ठरवणं प्रशासकीयदृष्ट्या सोयीचं होतं. सबब जनाबाईंना प्रमुख पाहुण्या म्हणून कार्योत्तर मंजुरी देण्यात आली आणि शाल-श्रीफळ टपालाने रवाना झालं.

पुढचं सगळं नियमाप्रमाणे झालं. लोकार्पित पुलाचं बांधकाम करता येत नाही, म्हणून कंत्राटदाराला पूर्णत्वाचा दाखला मिळाला आणि तो क्रेन घेऊन गेला. उरलेल्या कामाला दुरुस्ती म्हणावं, तर दुरुस्तीसाठी आधी काहीतरी मोडावं लागतं, आणि तिथे मोडण्यासारखं काही नव्हतंच. राहता राहिली ती मधली हवा. उन्हाने काँक्रीट फुगतं, म्हणून प्रत्येक पुलात बोटभर फट ठेवतात, तिला प्रसरण सांधा म्हणतात. शेवाळपाडा पुलाचा प्रसरण सांधा चाळीस मीटरचा आहे, अशी नोंद झाली. उन्हाळे वाढत चालले आहेत, हे लक्षात घेता विभागाची ही दूरदृष्टीच होती.

आणि पूल खुला झाल्यामुळे होडीचा परवाना संपला.

होडी खुंटाला बांधली गेली. पाड्यातली माणसं बावीस किलोमीटरचा वळसा घालून ठाकुर्लीला जाऊ लागली. जनाबाईंची पाटी साडेआठला पोचायची. पहिल्या आठवड्यात शेजारणीने जागा राखली, दुसऱ्यात तिची सून तिथे बसू लागली. जनाबाई स्टेशनच्या जिन्याखाली बसून नरमलेली कोलंबी विकत आणि घरी येऊन गोमाजींशी बोलत नसत. एकदाच बोलल्या.

“नारल मीच फोरला ना? मंग तू कनाला तोंड लपवतंस? जा, नि होरी सोडवून आन.”

गोमाजी पुन्हा ठाण्याला गेले. या वेळी एका बाई कारकुनाने, मृणाल मॅडमनी, खरोखर आस्थेने नियम शोधला. पूल असमाधानकारक आढळल्यास पर्यायी जलवाहतुकीला परवानगी देता येत होती. मात्र असमाधान नागरिकांनी नोंदवायला हवं होतं, आणि तसं सर्वेक्षण लवकरच होणार होतं. गोमाजींनी लगेच पाड्यातल्या सगळ्यांची नावं सांगायला घेतली.

“पाड्यातली नकोत, काका. तुम्हाला रोज पलीकडे जायचं असतं, म्हणजे तुमचा हितसंबंध आला. तटस्थ नागरिक लागतात.”

“म्हंजे ज्यांना पलीकडं जायचं नाय, असे?”

“बरोबर.”

गोमाजींना ते पटल्यासारखंही वाटलं. इतकी शिकलेली माणसं, ती निदान एकदा येऊन बघतील. बघितल्यावर कोणालाही भोक दिसेलच. ठाणे, कल्याण, डोंबिवली, एवढ्या मोठ्या मुलखातून शंभर माणसं जरी आली, तरी होडी सुटेल. त्यांनी तीन रविवार पुलाच्या तोंडाशी बसून वाट पाहिली. कोणी आलं नाही. चौथ्या सोमवारी निकाल लागला : एक लाख बारा हजार मतं, त्र्याण्णव टक्के नागरिक पुलाबाबत पूर्ण समाधानी. होडीचा अर्ज निकाली.

गोमाजींनी निकालाचा कागद घडी घालून खिशात ठेवला, बाहेर काढला, पुन्हा वाचला.

“मॅडम, यातला एक तरी मानूस पुलावरून गेलाय काय?”

“तशी अट नव्हती,” मृणाल मॅडम खाली मान घालून म्हणाल्या.

ती अट नव्हतीच. प्रश्न फोनवर आला होता. एका गुरुवारी रात्रीची जेवणं आटोपून लोक निवांत काहीतरी बघत असताना तो मधेच पडद्यावर उगवला : ‘आपल्या परिसरातील नव्या पुलाबाबत आपण समाधानी आहात का?’ खाली पाच चांदण्या होत्या. पाचवी दाबली की प्रश्न ताबडतोब निघून जाई आणि जे बघत होतो ते पुढे सुरू होई. एखाद-दुसरी दाबली, तर कारण लिहावं लागे.

कारण लिहायला तुम्हाला तरी कुठे वेळ होता.