पेडणेकरची बिनचौकोनी माणसं

पेडणेकर चौकोनी कार्ड हातातसुद्धा धरत नसे. "चौकोनी आसा? मगे माका नको." बेसबॉलची जुनी अमेरिकन कार्डं जमवायचा त्याला नाद होता, पण त्यातही फक्त वेड्यावाकड्या आकारांची. खेळाडूच्या अंगाबरोबर कापलेली, हातमोज्यासारखी, एखादं बाटलीच्या बुचासारखं गोल. बेसबॉल त्याने जन्मात पाहिला नव्हता. किती गडी खेळतात असं विचारलं तर म्हणायचा, "माझ्या डब्यात चौदा आसत."

आखातात, जुमेरा लेक टॉवर्समधल्या एका काँट्रॅक्टिंग कंपनीत तो ड्रॉइंगांच्या फायली सांभाळायचा, मी अ‍ॅडमिन. इंटरनॅशनल सिटीत एकाच खोलीत आम्ही सहा वर्षं काढली. सुट्टीच्या दिवशी मी झोपायचो आणि पेडणेकर बागेतल्या जुन्या सामानाच्या बाजारात जायचा. मायदेशी परतणारे गोरे लोक तिथे घरातला पसारा विकत. हा घासाघीस अशी करायचा, की विकणारी बाईच शेवटी "खलास, खलास, टेक इट!" म्हणायची.

प्रत्येक गड्याला नाव होतं. बॅट उगारलेला तो नारळफोड्या. कमरेत वाकलेला पाठदुख्या. हात वर केलेला 'बस थांबव'. संध्याकाळी सगळ्यांना खिडकीत मांडून तो फोनवर कोणाला तरी सांगायचा, "आज पाठदुख्याक बरां नाय." मी उशीत तोंड खुपसून हसायचो.

पुढचा किस्सा मी वर्षानुवर्षं सांगत आलो आहे. मुलाकडे खलिफा सिटीत गणपतीला माणसं जमली की कोणीतरी म्हणतंच, "काका, ते पेडणेकरचं होऊ दे!" मग मी सांगतो. तो सुट्टीवर निघाला होता. डबा टेबलावर ठेवून एचआरकडे जमा असलेला पासपोर्ट आणायला गेला. लॅमिनेशनचं मशीन माझ्या ताब्यात. आखातातला माणूस व्हिसा, दाखले, देवाचा फोटो, काहीही लॅमिनेट करतो. मी चौदाही गडी मशीनमधून काढले आणि कटरवर एकसारखे चौकोन कापले. पेडणेकर आला, बघितलं, आणि सगळ्या ऑफिससमोर जमिनीवर बसून रडला. इथे लोक पोट धरून हसतात.

मी इथेच थांबत आलो. आता एकाहत्तर वर्षांचा आहे. उरलेलं लिहून ठेवतो.

ते मायेने केलं असं मी सांगतो, ते अर्धंच खरं. जुने कागद टिकावेत असं वाटलं होतं. पण चौकोन बघून त्याचं तोंड कसं होईल, हेही मला बघायचं होतं.

आणि रडण्याआधी त्याने डोळे मिटून एका कार्डाच्या कडेवरून बोट फिरवलं. मग दुसऱ्याच्या. मग तिसऱ्याच्या. "आता सगळे सारकेच झाले रे," म्हणाला.

त्याच्या मुलीला, सुमनला, जन्मापासून दिसत नाही. दर सुट्टीत तो डबा कणकवलीला न्यायचा. कडेवर बोट फिरवून ती गडी ओळखायची. नावं तिनेच ठेवलेली. सहा वर्षं शेजारी झोपून हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं, कारण मी कधी विचारलंच नव्हतं.

एका कार्डाचं प्लास्टिक कापून त्याने आकार परत काढून पाहिला. कडेला धार आली, त्याचंच बोट कापलं. "तिच्या बोटांका लागतला," म्हणाला आणि डबा माझ्याकडे टाकून गेला. पुढे एकही कार्ड घेतलं नाही.

गेल्या महिन्यात पेडणेकर गावी वारला. मी फोन केला. सुमनने घेतला.

"काका, एक विचारू? बाबा डबा विमानात विसरले म्हणाले होते. ते कधी काही विसरायचे नाहीत हो. मला वाटतं, माझ्यासाठी ते सगळं करायचा त्यांना कंटाळा आला होता."

म्हणजे त्याने माझं नावही घेतलं नव्हतं. मी तिला सगळं सांगितलं. मशीन, कटर, गणपतीतलं हसणंसुद्धा.

तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "डबा आहे अजून?"

"आहे. पण बाळ, हात लावून तुला काही कळायचं नाही आता."

"तुम्हाला दिसतं ना? मग सांगा."

मी डबा काढला. वरचं कार्ड उचललं. "गुडघ्यात वाकलाय. दोन्ही हात पुढे धरलेत."

"हा झेल्या. हसतोय का हो?"

कडेवरून ते कळत नसणार. मी कार्ड खिडकीशी नेलं. इतक्या वर्षांत एकाचंही तोंड मी नीट पाहिलं नव्हतं.

"नाही," मी म्हटलं. "कोणाची तरी वाट बघतोय."