एकशे बारा जणांचा पहिला नंबर

अश्विनीच्या लग्नाला एकोणीस दिवस उरले होते आणि तिची पत्रिका भावाच्या, म्हणजे सुदर्शनच्या, कॉम्प्युटरमध्ये अडकली होती. बाहेर यायला एकच दार होतं, फ्लॉपी ड्राइव्ह. आणि तो मंगळवारी एक फ्लॉपी तोंडात धरूनच वारला.

"मग हातानं लिवून दे की प्रेसवाल्याला," वडील रखमाजी म्हणाले.

"हातानं? मग कॉम्प्युटर कशाला घेतला?" सुदर्शन म्हणाला.

हाच प्रश्न सगळं राजुरी गाव दोन वर्षं विचारत होतं.

पुण्याच्या दुकानदारानं फोनवर सांगितलं, "नवा ड्राइव्ह उद्या एसटीच्या ड्रायव्हरकडे देतो." पुढं तो रोज हेच सांगत राहिला. सुदर्शन रोज आळेफाट्यावर पुण्याहून येणारी नाशिकची गाडी गाठायचा.

"ड्रायव्हरसाहेब, ड्राइव्ह हाय का?"

"मग पुण्यापास्नं काय करतोय मी?"

इकडे पत्रिका अजून छापली नाही, म्हणजे नावं अजून हलवता येतात, ही गोष्ट भावकीला कळली. सगळ्यात आधी चुलते कुशाबा आले.

"निमंत्रकांत माझं नाव गेणभाऊच्या खाली हाय म्हणं?"

"वयानं लावलंय, तात्या."

"वयानं? त्याच्या बारशाच्या घुगऱ्या खाल्ल्यात मी! मला वर घे, न्हाईतर लग्नाला येत न्हाई."

सुदर्शननं मुकाट्यानं नाव उचलून सगळ्यात वर ठेवलं. पडद्यावर आपलं नाव चढताना बघून कुशाबा चहा पिऊन खुशीत गेले. तासाभरात गेणभाऊ आले. त्यांचंही नाव चढलं. दुसऱ्या दिवशी लंकाबाई आल्या. त्यांना स्वतःसाठी काही नको होतं, फक्त जाऊ खाली हवी होती; म्हणून त्याही सगळ्यात वर चढल्या. यादीत एकशे बारा नावं होती. चौदा दिवसांत एकशे बाराही जण येऊन पहिला नंबर लावून गेले. सुदर्शनला झोपेतही माणसं वर सरकताना दिसत. जेवण तुटलं. "ड्राइव्ह आला न्हाई तर माझंच नाव काढा," तो आईला म्हणाला.

पंधराव्या दिवशी रखमाजीही फाट्यावर आले. गाडी थांबली. आज ड्रायव्हर नवा होता; त्यानं खिडकीतून खोकं काढलं. "सुदर्शन कोण?"

सुदर्शनच्या डोळ्यांत पाणी आलं. रखमाजींनी त्याचा दंड धरला.

"हे बसवलं की यादी कागदावर येणार?"

"आजच्या आज!"

"मग पुन्ना हलवता यायची न्हाई?"

"न्हाई."

"म्हंजी पयला एकच ऱ्हाणार."

सुदर्शननं मनातल्या मनात उरलेले एकशे अकरा मोजले.

"आन् आमंत्रण?" त्यानं क्षीण आवाजात विचारलं.

"कुणाचं ऱ्हायलंय? समदे घरी येऊन तारीख ऐकून गेल्यात." रखमाजी खिडकीकडे वळले. "ड्रायव्हरसाहेब, ह्या नावाचं कुणी न्हाई हितं."

"मग हे कोण?" ड्रायव्हरनं सुदर्शनकडं बोट केलं.

ज्याची चौदा दिवस वाट पाहिली, त्या खोक्याकडं सुदर्शननं एकदा डोळे भरून पाहिलं.

"आमी ओतूरचं पावणं," तो म्हणाला.