सुभेदारांचा पीळ

दुपारी चारच्या सुमाराला आमच्या गल्लीत माणसं वाकून चालतात. कुणाच्या मानेला काही झालेलं नाही. समोरच्या सुभेदार आनंदरावांच्या फाटकापासून माझ्या फाटकापर्यंत त्या वेळेला एक दोरा ताणलेला असतो, आणि तो इतका बारीक की उन्हाची तिरीप पडली तरच दिसतो. नवा माणूस हमखास अडकतो. विजेचं मीटर वाचायला आलेला एकजण तर मोटरसायकलसकट अडकला. त्याला उठवायच्या आधी सुभेदारांनी दोरा तपासला.

"ढील पडली," ते म्हणाले.

त्यांच्या लेखी जगातल्या सगळ्या दुखण्यांचं मूळ एवढंच. पुण्याच्या मुलाचा रविवारी फोन आला नाही, ढील पडली. नवा रस्ता खचला, ढील पडली. माझ्या नववीच्या वर्गाचा गणिताचा निकाल लागला तेव्हाही ते सांत्वनाला येऊन हेच सांगून गेले. मलकापुरात पंचवीस वर्षं मास्तरकी केलेल्या बाईला हे ऐकून घ्यावं लागतं, कारण शेजारी बदलून मिळत नाही.

तर हा दोरा. सुभेदार मासे धरतात, म्हणजे धरू बघतात. फौजेत असताना डोंगराळ मुलखात त्यांच्या मेजरसाहेबांनी त्यांना हा नाद लावला. यात गांडूळ नाही, कणकेची गोळी नाही. गळाला पिसं बांधून खोटी माशी करायची आणि ती पाण्यावर अलगद उतरवायची. माशीला वजन नसतं, म्हणून फेकायची दोरी जाड लागते. पण जाड दोरी धपकन पाण्यात पडली की मासा पसार. म्हणून दोन्हींच्या मध्ये बुडाला जाड आणि शेंड्याकडं निमुळता होत गेलेला पिळाचा दोरा बांधतात. त्याला लीडर म्हणतात. हा शब्द आमच्या भागात निवडणुकीखेरीज कुणी काढत नाही, त्यामुळे "आज दोन लीडर पिळले" असं सुभेदार म्हणाले की नवखी माणसं दचकतात.

विकतचा दोरा त्यांना चालत नाही. घरी खिळे ठोकलेली एक फळी आहे. शिलाईच्या रिळातला दोरा त्या खिळ्यांना वेढे देत न्यायचा, बुडाशी वेढे जास्त, शेंड्याशी कमी. असे दोन पेड झाले की प्रत्येकाला सुताराच्या गिरमिटानं वेगळा पीळ द्यायचा, अगदी तुटेतुटेपर्यंत. मग दोघांची टोकं एकत्र बांधून सोडायची. ते आपोआप एकमेकांभोवती वळत जातात आणि तसेच राहतात. साहेबांनी पहिल्यांदा हे करून दाखवलं तेव्हा सुभेदार म्हणाले होते, "साब, ये तो हमारे आबा का चऱ्हाट है!" त्यांचे वडील गावी बैलांची दावी आणि कासरे वळायचे.

पीळ भरताना दोरा आखडतो, म्हणून दुसऱ्या टोकाला माणूस लागतो. आधी हे काम त्यांच्या पत्नी, आमच्या वहिनी, करायच्या. त्या वारल्यावर सुभेदारांनी टोक भिंतीतल्या खुंटीला बांधून पाहिलं, पण दोरे तटातट तुटायला लागले.

"खुटी सरकत न्हाई बाई. मानूस सरकतं," ते म्हणाले, आणि टोक माझ्या हातात दिलं. "धरा जरा."

तेव्हापासून मी धरते. एकदा आत कुकरच्या शिट्ट्या ऐकू आल्या आणि मी टोक सोडून पळाले. परत येऊन बघते तो दोन तासांच्या कामाचा एवढासा गुंता होऊन पडला होता. मला वाटलं, आता फौजी शिव्या ऐकायला मिळणार. सुभेदार गुंत्याकडं बघत राहिले आणि म्हणाले, "डाळ शिजली का?" त्यापेक्षा शिव्या बऱ्या होत्या.

आता गंमत ऐका. सुभेदार माळकरी आहेत. गळ्यात तुळशीची माळ, मासा काय, अंडंही घरात येत नाही. मग हा खटाटोप कशाला, असं मी विचारलं तर म्हणाले, "खायाला न्हाई बाई, भेटायला. धरायचा, बगायचा, सोडायचा." लहानपणी आमच्या गावाशेजारून वाहणाऱ्या याच नदीत त्यांनी हातभर लांबीचे, सोनेरी खवल्यांचे मासे पाहिले होते. त्यातला एक, फक्त एकच, आपल्या हातच्या दोऱ्यावर यावा, एवढीच त्यांची मागणी होती. निवृत्तीनंतर दुसरं काही त्यांनी देवाकडंही मागितलं नसावं.

रोज संध्याकाळी गुडघाभर पाण्यात उभं राहून ते गळाची काठी डोक्यावरून मागंपुढं हलवायचे. धुणं धुणाऱ्या एका म्हातारीनं त्यांना देवऋष्याकडं जायचा सल्ला दिला. जाळी टाकणारे ओरडायचे, "सुभेदार, मासं धरताय का माश्या हाकताय?" तीन वर्षं झाली, काही लागलं नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असं गल्लीत सगळे म्हणायचे. मीही म्हणायचे.

गेल्या उन्हाळ्यात वरून कुठून तरी काळं पाणी आलं. कुणी सोडलं ते कुणी सांगेना. सकाळी नदीवर ही गर्दी. मासे वर येऊन तोंडं उघडत होते आणि लोक बुट्ट्या, पोती, मिळेल ते घेऊन पाण्यात उतरले होते. सुभेदार काठी घेऊन काठावर उभे होते. आमच्या गल्लीतल्या इस्त्रीवाल्यानं एक हातभर लांबीचा मासा उंच धरला. खवले सोनेरी होते.

"सुभेदार, ह्यो बगा! बिनदोऱ्याचा गावला!"

लोक हसले. मीही हसले. याची मला आजही लाज वाटते.

सुभेदारांनी काठी खाली ठेवली, मासा त्याच्याकडून मागून घेतला आणि वरच्या अंगाला, ओढा मिळतो तिथल्या जरा बऱ्या पाण्यात घेऊन गेले. तिथं बसून दोन्ही हातांनी त्याला धारेकडं तोंड करून मागंपुढं हलवत राहिले. कल्ल्यांत पाणी खेळावं म्हणून असं करतात म्हणे. अर्धा तास तरी गेला असेल. हात सोडले तेव्हा मासा उलटा झाला आणि पांढरं पोट वर करून वाहत गेला. ढील पडली, असं ते म्हणाले नाहीत.

पुढं दोन महिने गल्लीतून माणसं ताठ चालत होती. मला ते बघवेना. मग एका दुपारी फाटक वाजलं.

"बाई, धरा जरा."

"आता कशाला?" मी चिडलेच. "काय उरलंय त्या नदीत?"

"धरा तर."

त्या दिवशीइतका सुबक दोरा त्यांनी कधी वळला नसेल. संध्याकाळी ते निघाले तेव्हा मी मागोमाग गेले. खरं सांगायचं तर मला भीती वाटली होती. एकटा माणूस, नदी, आणि इतका पडलेला चेहरा. पण ते नेहमीसारखे पाण्यात उभे राहिले. दोरी हवेत उलगडत गेली आणि पीस पाण्यावर टेकलं तरी पाणी हललं नाही. मासे धरणं हे इतकं देखणं काम असतं, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. तासभर त्यांनी फेकलं. काही लागलं नाही.

ते बाहेर आले तेव्हा मी ते पीस हातात घेतलं. टोचेल म्हणून जपून धरलं होतं. पण टोचायला त्यात काही नव्हतंच.

"अहो सुभेदार, गळ कुठाय?"

"काडला."

"मग मासा लागणार कसा?"

ते दोरा पंजाभोवती गुंडाळत होते.

"एकादा ऱ्हायला असंल, तर त्यानं लय सोसलंय बाई. त्याला आनि कशाला टोचायचं? नुस्तं त्वांड लावून सोडून दिलं तरी दोऱ्यावर हिसका बसतो. मला तेवढ्यानं कळंल, हाय कुनीतरी."

त्याला आठ महिने झाले. अजून काही कळलेलं नाही.