दोंडाईच्याच्या नानांचं ग्राइंडर

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. नानांना मी जाणूनबुजून चुकीचं यंत्र विकलं.

नाना दोंडाईच्याचे कातारी. खरादावर लाकूड फिरवून लाटणी, पाळण्याचे दांडे काढणारे. मी धुळ्याला अवजारांच्या दुकानात काउंटरवर असतो. पटाशीला धार लावायचं ग्राइंडर निवडायला नाना दोन वर्षं येत होते. दर मंगळवारी, पहिल्या एसटीनं, रुमालात गोल पटाशी गुंडाळून.

ग्राइंडर चालू असताना ते त्याच्याकडे बघतसुद्धा नसत. "हाई भलतं पळस," फार जोरात पळतं म्हणून तोंड फिरवायचे. बटण बंद केलं, चाक मंदावू लागलं, की मात्र स्टुलावर डोळे मिटून बसायचे. अगदी थांबण्याच्या बेतात आलं की म्हणायचे, "आते. आते बरोबर शे."

"नाना, ते बंद पडतंय."

"मंग असंच बंद पडनारं दे ना."

शेठ विचारायचे, "नाना, धार लावायचीय का झोप काढायचीय?" नाना ऐकायचेच नाहीत. ग्राइंडरच्या चाकाचा दगड पांढरा घ्यावा की करडा यावर तासभर बोलायचे, एकेक दगड कानाशी धरून टिचकी मारायचे आणि तो नाद विरेपर्यंत गप्प राहायचे. त्यांच्याजवळ उभं राहिलं की दुपार सावकाश फिरतेय असं मलाही वाटे.

हळू फिरणारं ग्राइंडर मिळतं. पण ते मागवावं लागतं, आणि एका नगासाठी कोण खटपट करणार, म्हणून मी ते नानांना कधी सांगितलंच नाही. चैत्रात एकदा गिऱ्हाइकं खोळंबली होती आणि वीज गेली होती. मी समोरचंच ग्राइंडर पुढं सरकवलं. "नाना, नवीन आलंय. सगळ्यांत हळू हेच."

चालवून बघायची सोय नव्हती. नाना माझ्याकडे बघत राहिले. "तू सांगस ना, मंग झायं."

त्यानंतर मंगळवारी नाना येईनासे झाले. दिवाळीनंतर कामासाठी दोंडाईच्याला गेलो, तेव्हा घरी डोकावलो. ग्राइंडर कोपऱ्यात, नऊवारीच्या घडीखाली झाकलेलं. ओट्यावर मूठ धरून हातानं फिरवायचा जुना धारेचा दगड होता. नाना डाव्या हातानं तो फिरवत उजव्यानं पटाशी धरत होते. एक हात सावरला की दुसरा घसरे. ती रुमालातली पटाशी टोकाशी निळी पडली होती. वेगाच्या चाकावर पोलाद तापलं की असंच होतं, मग ते धार धरत नाही.

"तुनी चूक नही, भाऊ," नाना म्हणाले. "मना हात जड व्हई गया." पाळण्याची कामं त्यांनी घेणं सोडलं होतं.

मग आपणच सांगू लागले. हा दगड तीस वर्षं अक्का फिरवायच्या, त्यांची बायको. अक्का जाऊन तीन वर्षं होत आली होती. "तिना हात इतलाच चाले," म्हणत त्यांनी हवेत एक संथ वर्तुळ काढलं.

मी मूठ धरली. "हळू," नाना म्हणाले. मी हळू केलं. "अजून." ओट्यावरचं ऊन भिंतीवर चढेपर्यंत आम्ही तीन पटाश्यांना धार लावली. सांगायचं ठरवूनही मी बोललो नाही.

हळू फिरणारं ग्राइंडर आता मागवलं आहे. आलं की नेऊन देईन. पण हात जड झाला नव्हता, मी खोटं बोललो होतो, हे नानांना सांगणं अजून बाकी आहे.