पुंजाजीभाऊंचं आरमार

पुंजाजीभाऊ कोणाच्या घरी गेले की आधी दारात थांबतात, बोट ओलं करून वर धरतात, वारा कोणत्या अंगानं येतो ते पाहतात आणि मगच आत येतात. बसतात ते वाऱ्याच्या अंगाला. तिथे घरधनी बसलेला असेल तर त्याला सरकवतात. एका लग्नाच्या पंगतीत त्यांनी नवरदेवाच्या मामालाच उठवलं होतं. मामा चिडला, तर हे शांतपणे म्हणाले, "ज्याच्या पाठीशी वारा, लढाई कवा सुरू करायची थे तो ठरवते." मामाला लढाई करायची नव्हती, वरणभात खायचा होता. तरी तो उठला.

अनसिंगच्या बाहेर दोन एकरांत त्यांची भाजीची बाग आहे. वांगी, टमाटे, मेथी, आणि धुऱ्याला, म्हणजे बांधावर, लिंबांची आठ झाडं. समुद्र त्यांनी उभ्या जन्मात एकदाच पाहिला, तोही नऊ दिवस.

तरुणपणी ते शेलूबाजारच्या एका संत्र्याच्या ट्रकवर क्लीनर होते. गाडी मद्रासला रिकामी करून पुढे दक्षिणेला गेली आणि सद्रस नावाच्या गावाजवळ बंद पडली. पार्ट येईपर्यंत तिथेच मुक्काम. त्या गावातला एक म्हातारा रिटायर पोस्टमन रोज संध्याकाळी वाळूवर येऊन बसायचा. त्यानं मोडक्या हिंदीत यांना सांगितलं की दोन-अडीचशे वर्षांमागं इथंच, या समोरच्या पाण्यात, इंग्रज आणि फ्रेंच आरमारांची लढाई झाली. शिडाची जहाजं, दोन रांगा, दिवसभर तोफा. पुंजाजीभाऊंनी विचारलं, "मंग जिकलं कोन?" म्हातारा म्हणाला, "कोई नहीं." तेवढ्यात पार्ट आला.

त्या "कोई नहीं"नं या माणसाचं डोकं धरलं ते कायमचं.

मी इथल्या हायस्कुलात इंग्रजी शिकवायचो. एके दिवशी पुंजाजीभाऊ वाशीमच्या रद्दीवाल्याकडून एक जाडजूड इंग्रजी पुस्तक घेऊन माझ्या दारात आले. बोट ओलं केलं, वारा पाहिला, माझी खुर्ची घेतली आणि म्हणाले, "सर, याच्यात आपली लढाई हाय का पाहा बरं."

होती. दोन हिवाळे मी ती त्यांना वाचून दाखवली. एकच लढाई नव्हे, पाच निघाल्या. तेच दोन सेनापती, तोच समुद्र, दीडएक वर्षात पाच वेळा भिडले. माणसं मेली, डोलकाठ्या मोडल्या, शिडांच्या चिंध्या झाल्या. पण पाचही वेळा ना कोणाचं जहाज बुडालं, ना कोणी पकडलं गेलं. पाचवी लढाई झाली तेव्हा तर तिकडे युरोपात तह होऊन गेला होता. इकडे खबरच पोचली नव्हती. हे ऐकून पुंजाजीभाऊ म्हणाले, "आपल्या तहसीलसारखंच हाय."

तेव्हापासून त्यांच्या ओट्यावर लढाई मांडलेली असे. वांगी म्हणजे इंग्रज, टमाटे म्हणजे फ्रेंच. भाजी घ्यायला आलेल्या माणसाला आधी लढाई ऐकावी लागे. ऐन रंगात सुमनवहिनी आतून येत, ओंजळभर वांगी उचलून नेत आणि इंग्रजांचं अर्धं आरमार फोडणीत पडे. पुंजाजीभाऊ त्यावर रागावत नसत. उरलेली वांगी लांब लांब मांडून रांग पूर्ण करत. गावात कोणाचं भांडण मिटलं का विचारलं, तर त्यांचं उत्तर ठरलेलं, "लढाई झाली. निकाल लागला नाई."

पण निकाल का लागला नाही, हे त्यांना खात होतं. दुसऱ्या हिवाळ्याच्या शेवटी मी पाचव्या लढाईचं प्रकरण वाचत होतो. इंग्रजांची जहाजं जास्त होती, तरी ते मागं फिरले. प्यायचं पाणी संपत आलेलं, आणि महिनोन् महिने ताजी भाजी नाही, लिंबू नाही, म्हणून शेकडो खलाशी आडवे झालेले. हिरड्यांतून रक्त, जुन्या जखमा परत उघडलेल्या.

"थांबा," पुंजाजीभाऊ म्हणाले. "काय नाई म्हणता?"

"भाजी."

ते उठले. मेथीच्या वाफ्यापर्यंत गेले, तिथे उभे राहिले, परत आले. "एवढी माणसं," ते म्हणाले, "मेथीवाचून?"

त्या वर्षापासून आठही झाडांची लिंबं विकणं त्यांनी बंद केलं. ऊसतोडीला जाणाऱ्या गाड्या भरू लागल्या की ते पोतं घेऊन हजर. बायाबापड्यांच्या गाठोड्यात लिंबं कोंबत आणि म्हणत, "रोज एक. नाई तं दात हलतीन." लोक हसत, पण लिंबं घेत.

आता त्यांच्या मुलाविषयी सांगायला हवं. अमोल हा एकुलता एक. लहानपणापासून जहाजं ऐकत वाढलेला. कसलासा कोर्स करून आला आणि म्हणाला, "बाबा, मले मालवाहू जहाजावर नोकरी लागली."

साऱ्या गावाला वाटलं, आता पुंजाजीभाऊ पेढे वाटतील. ते दोन दिवस जेवले नाहीत. मी समजवायला गेलो. "अहो, आता ती शिडं नाहीत, तोफा नाहीत. जहाजावर फ्रीज असतो."

"म्या तुमच्यापाशीच ऐकलं न सर," ते म्हणाले, "समुद्रात काय होते थे."

अमोल गेला. बापलेकांचं बोलणं बंद झालं, ते चार वर्षं. सुट्टीत तो घरी येई, तेव्हा हे वाफ्यातच राहत. त्याचा फोन आईला येई. पुंजाजीभाऊ भिंतीकडे तोंड करून बसत आणि भिंतीला सांगत, "इचार त्याले, लिंबू खाते का." वहिनी विचारत. तो हो म्हणे. संभाषण संपलं.

गेल्या माघात मी दुपारी मेथीला गेलो. वहिनी शिरपूरला बहिणीकडे गेलेल्या, फोन घरीच विसरलेला. तो वाजला. पडद्यावर अमोलचा फोटो. पुंजाजीभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी बटण दाबून, स्पीकर लावून फोन त्यांच्या हातात दिला.

"आई?"

"आई नाई. शिरपूरले गेली."

पलीकडे इंजिनाची घरघर ऐकू येत होती. मग अमोल म्हणाला, "बाबा, बरे हा ना?"

"हाव."

पुन्हा घरघर. मला वाटलं, हेही निकालाविना संपणार. मी पिशवी उचलली.

"तिथं आपल्यासारखं बोलणारं कोनी हाय का?" पुंजाजीभाऊंनी विचारलं.

"नाई बाबा. मराठीच कोनी नाई. सात महिने झाले."

"सात महिने," ते म्हणाले. ते बाजेवर नीट मांडी घालून बसले, फोन दोन्ही हातांनी तोंडासमोर धरला आणि वेशीपासून सुरुवात केली. "महादूची म्हैस व्याली. वगार झाली. त्याच्या बाजूच्या सखूबाईचं डोयाचं आपरेशन झालं, आता लांबूनच वळखते अन् शिव्या देते. मारोतीच्या पोरीचं जमलं, पोरगा मंगरुळचा हाय. तुह्या दोस्तानं, शंकऱ्यानं, घरावर मजला घेतला, पन जिना काढाचा इसरला..."

अमोल मध्येच हसायचा, मध्येच "हं" म्हणायचा. चार वर्षांत लढाईखेरीज एवढं सलग बोलताना मी त्यांना ऐकलं नव्हतं. आवाज तोच, बाजारात मेथी विकतानाचा. एकही घर ते गाळत नव्हते.

देवळाच्या आळीत पोचले तेव्हा घरघर थांबली. समुद्रात रेंज जाते, असं वहिनी सांगत असत. पडदा काळा झाला. पुंजाजीभाऊंच्या ते ध्यानात आलं नाही. ते पुढची दोन घरं सांगत राहिले, मग तिसरं.

मी मेथीची जुडी घेतली आणि चप्पल वाजू न देता निघालो.