आईला उठवायचा तक्ता

“यावेळी सगळं ठरल्या वेळी होणार. तू फक्त विमानात बस,” मेनेलाओसने मेलबर्नच्या धाकट्या भावाला फोनवर ठणकावून सांगितलं. आणि ठणकावणार नाही तर काय? माणूस ओळीने कित्येक शनिवार खर्ची घालून प्रकल्प व्यवस्थापन शिकून आला होता.

शिकायला तो हौसेने गेला नव्हता. ग्रीसमधल्या कावालाच्या ज्या कारखान्यात सार्डिन मासे डब्यांत भरतात, तिथे तो माल रवाना करणाऱ्या खात्याचा व्यवस्थापक. मागच्या हिवाळ्यात मालकाने भलंमोठं शीतयंत्र आणलं आणि ते दारातून आत जाईना. भिंत फोडली, तर ती शेजाऱ्याची निघाली. मग मालकाने झाडून सगळ्या व्यवस्थापकांना अथेन्सहून बोलावलेल्या दानाईबाईंच्या वर्गात नेऊन बसवलं. बाकीचे पेंगले. मेनेलाओस मात्र पेटला. कामाचे तुकडे पाडा. कोणतं काम कशावर अडलंय ते पाहा. काय बिघडू शकतं ते आधीच लिहा आणि थोडा वेळ हाताशी राखून ठेवा. आणि मुख्य म्हणजे, बाई दर तासाला बजावायच्या, “किती वेळ लागेल हे तुम्ही ठरवू नका. ज्याचं काम, त्याला विचारा.”

सरावासाठी घरचं एक खरं काम निवडायचं होतं. कुणी न्हाणीघराच्या फरशा घेतल्या, कुणी मुलीचं लग्न घेतलं. मेनेलाओसने लिहिलं: आईला उठवणे.

इथल्या दफनभूमीत जागा कुणालाच कायमची मिळत नाही. तीन वर्षं झाली की माणसाला उठवायचं, हाडं वाइनने धुवायची, पेटीत भरून तिथल्याच फडताळात ठेवायची आणि खड्डा पुढच्याला मोकळा करून द्यायचा. आईची तीन वर्षं भरत आली होती.

या कामात मेनेलाओसचा जीव अडकला होता. आई गेली तेव्हा धाकटा सोतिरिस येईपर्यंत थांबायला हवं होतं. पण ऑगस्टचा उकाडा, त्यात पाद्रीबुवांची घाई. दुसऱ्याच दिवशी उरकून टाकलं. सोतिरिस विमानतळावरून थेट दफनभूमीत आला, तोवर मातीवरची फुलं सुकली होती. “दादा, आईला खांदा द्यायचा हक्क माझाही होता,” एवढंच तो बोलला. त्यानंतर सणावारी फोनवर दोन वाक्यं, तीही हवापाण्याची. आता हाडं तरी त्याच्या हातांनी धुतली जावीत, म्हणजे हा सल निघेल, असं मेनेलाओसच्या मनाने घेतलं होतं.

तर तक्ता तयार झाला, स्वयंपाकघराच्या अख्ख्या भिंतीभर. खणणाऱ्या प्रोद्रोमोसला विचारलं, किती वेळ? तो म्हणाला, अर्धा तास. पाद्रीबुवांना विचारलं, तर त्यांनी उलट विचारलं, “प्रार्थना पूर्ण म्हणायची की आटोपती?” फुलवालीला विचारलं, पेटीवाल्याला विचारलं. नंतर सगळ्यांनी बंदरावर माशाचं सूप प्यायचं, म्हणून खानावळीच्या थानोसलाही विचारलं.

“माझं नाव लाल रंगात का?” बायको रूलाने भिंतीवरून नजर फिरवत विचारलं.

“तुझ्यामुळे उशीर व्हायचा धोका आहे.”

“असं? मग तुझ्या शर्टाला इस्त्री तूच कर. धोका तेवढाच कमी.”

अस्पासिया मावशी, म्हणजे आईची सख्खी बहीण, कॉफीचा कप घेऊन तक्त्यापुढे बराच वेळ उभी राहिली. “सगळे आहेत रे यात,” ती म्हणाली. “पण तुझ्या आईला कधी कुणी घाई केलेली चालली आहे का?”

खोटं नव्हतं ते. आई कुठे निघायची म्हणजे सगळ्यांनी गाडीत बसून भोंगा वाजवायचा, तिने आतून “आलेच” म्हणायचं आणि कुंड्यांना पाणी घालायला लागायचं.

“मावशी, ती आता कसला उशीर करणार?” मेनेलाओस म्हणाला. “आणि मूठभर तर बाई होती.”

तो दिवस उजाडला. मेनेलाओसने सकाळपासून सगळ्यांना फोन करून करून भंडावून सोडलं होतं. त्यामुळे फुलं आधी आली, पेटी आधी आली आणि पाद्रीबुवा तर आयुष्यात पहिल्यांदाच वेळेआधी उगवले. राखून ठेवलेला वेळ जसाच्या तसा शिल्लक! मेनेलाओसने हर्षाने थानोसला फोन लावून सूप लवकर वाढायला सांगितलं. प्रोद्रोमोसच्या जोडीदाराला तर त्याने आधीच नको म्हणून कळवलं होतं. हाडांची पेटी ती केवढीशी, तिला दोन माणसं कशाला अडकवायची?

सोतिरिस बाह्या वर सारून, गावाकडच्या वाइनची बाटली घेऊन उभा होता. सकाळी तक्ता पाहून तो हळूच म्हणाला होता, “छान केलंस, दादा.” तेवढ्यावर मेनेलाओसची छाती फुगली होती.

प्रोद्रोमोस खणत गेला. मग थांबला, वाकला आणि त्याने वर पाद्रीबुवांकडे पाहिलं. पाद्रीबुवांनी पोथी मिटली.

“काय झालं?” मेनेलाओसने विचारलं.

“व्हायचंय अजून,” प्रोद्रोमोस म्हणाला.

“काय व्हायचंय?”

“मातीने घेतलं नाही अजून तुमच्या आईला, साहेब. नायलॉनचे मोजे घातले होते का? त्यात देह लवकर विरत नाही.”

सगळ्यांनी रूलाकडे पाहिलं. “चांगले होते म्हणून घातले,” ती रडवेली होऊन म्हणाली.

मेनेलाओसच्या हातात अजून पेन्सिल होती. “मग किती वेळ लागेल?”

“दोन वर्षं. कदाचित तीन. आता कुंपणाकडच्या जागेत हलवावं लागेल. इथे दुपारी दुसरं कुणी येतंय.”

मागे नातेवाइकांत कुजबुज सुरू झाली. कुणाचा तरी शाप असणार, बाईने मनात काहीतरी ठेवलेलं असणार. मावशीने वळून पाहिलं तेव्हा तोंडं बंद झाली. मेनेलाओसच्या धोक्यांच्या रकान्यात पाऊस होता, विमानांचा संप होता, पाद्रीबुवांचा खोकलासुद्धा होता. हे नव्हतं.

“दादा,” सोतिरिस म्हणाला, “सगळ्यांना विचारलंस. आईला विचारलंस?”

“मला वाटलं...”

“तेव्हाही तुला वाटलंच होतं.”

त्या खड्ड्यात आपणच उतरावं आणि वरून माती ओढून घ्यावी, असं मेनेलाओसला झालं.

“भांडा सावकाश,” प्रोद्रोमोस खालून म्हणाला. “पण हिला उचलायचं कुणी? माझा माणूस तुम्हीच नको म्हणालात.”

सोतिरिसने न उघडलेली बाटली बाजूला ठेवली. पांढऱ्या चादरीत गुंडाळून आईला फळीवर घेतलं. पुढच्या टोकाला सोतिरिसने खांदा दिला, मागच्या टोकाला मेनेलाओसने. सरूच्या झाडांमधून वाट चढत जात होती. सोतिरिस इतका सावकाश चालला, की पुढे गेलेल्या पाद्रीबुवांना दोनदा थांबावं लागलं. तो मोठ्याने रडत होता. मागे मेनेलाओसही रडत होता आणि डोळे पुसायला त्याचा हात मोकळा नव्हता.

कुंपणाशी फळी टेकली, तेवढ्यात फोन वाजला. थानोस होता. “अहो, कुठे आहात? लवकर वाढ म्हणून तुम्हीच सांगितलंत. सूप गार होतंय इथे.”

मेनेलाओसने भावाकडे पाहिलं. सोतिरिस चादरीला लागलेली माती झटकत होता, एकेक खडा वेचून, जराही घाई न करता.

“थानोस, सूप परत चुलीवर ठेव,” मेनेलाओस म्हणाला. “आम्हाला वेळ लागेल. आई अजून आवरतेय.”